आठवण कोणत्या भाषेत आली?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या बाजूला, चहाच्या पातेल्याजवळ असते. तीच माझी जागा आणि तेथे मी सुखी असते. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे उभे केले आहे. त्याला कारण मीच. श्रावणात मंगळागौरीच्या तयारीला बसलो असताना मी दोघीतिघींना माझ्या काकूची गोष्ट सांगितली. ती त्यांनी ऐकली आणि म्हणाल्या, "हे सर्वांसमोर सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. म्हणून जे घडले तेच सांगते, आणि त्यावर मला जे कळले ते जोडते. चुकले तर पदरात घ्या.

माझे माहेर रत्नागिरीचे, असे तुम्ही समजता. पण माझा जन्म बेळगावचा. सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही तेथे एकत्र कुटुंबात होतो. आमचे घर मराठी, पण गल्लीत निम्मी घरे कानडी. आम्ही मुले अंगणात एक भाषा बोलत असू आणि उंबरठ्याच्या आत दुसरी. त्याचे आम्हाला काही वाटत नसे. माझी काकू धारवाडकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. आईचे आणि तिचे बोलणे खुणांनी चाले, आणि मध्ये दुभाषी म्हणून पाच वर्षांची मी.

पुढे वडिलांची बदली रत्नागिरीला झाली. त्याच सुमारास घराच्या वाटणीवरून दोघा भावांत बिनसले. येणेजाणे थांबले. इथे कानडी बोलायला कोणीच नव्हते, आणि दोनतीन वर्षांत ती भाषा माझ्या तोंडातून पार गेली.

आता हा माझा डावा हात पाहा. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे. तुमच्यातल्या पुष्कळजणींनी विचारलेही असेल, आणि मी सांगितलेही असेल की लहानपणी काकूने कढत पाणी ओतले. मला ते स्वच्छ आठवत असे. न्हाणीघर, धूर, चुलाणावरचा तांब्याचा हंडा, काकूच्या हातात तपेले. काकू माझ्याकडे वळते, डोळे वटारते आणि म्हणते, "मर मेली एकदाची!" आणि पाणी माझ्या हातावर येते. हे तीन शब्द माझ्या कानात इतके ताजे होते की कोणी शपथ घ्यायला सांगितली असती तर मी देवासमोर घेतली असती.

या आठवणीवर मी माझे वागणे बेतले. माझ्या लग्नात काकूने बेळगावहून इरकली साडी पाठविली. हिरवी, लाल काठाची. मी ती एकदाही नेसले नाही. वर्षभराने बोहारणीला दिली आणि दोन पातेली घेतली. काका वारले तेव्हा मी गेले नाही. मुलांना काकूआजी आहे हे सांगितले नाही. एखादीशी भांडण झाले तर निदान चार शब्द बोलून होतात. मी बोललेच नाही. तीस वर्षे.

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाचे बोलावणे आले. यजमान म्हणाले, "आता कोण राहिले आहे मागच्या पिढीतले? जाऊन ये." गेले. आंबा घाटाने कोल्हापूर, तेथून बेळगाव. लग्नघरात काकू स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसली होती. केस पिकलेले, गुडघे धरलेले. मला पाहून म्हणाली, "आलीस की गं बाई." आता तिला मराठी येते, पण बेळगावची, कानडी वळणाची. तिने माझा हात हातात घेतला, पदर बाजूला केला, डागावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "किती ओरडले मी. ब्याड, ब्याड, बिसि नीरु! ऐकलं नाहीस की. धावत आलीस ती आलीसच." आणि डोळ्यांना पदर लावला.

"ब्याड" म्हणजे नको. "बिसि नीरु" म्हणजे कढत पाणी.

मी तेव्हा काही बोलले नाही. मनात म्हटले, म्हातारपणी सगळेच चांगले होतात. पण परतीच्या एस. टी.त मलकापूरच्या पुढे मला एकाएकी सुचले ते असे: काकूला त्या वेळी मराठी येत नव्हते. मग ती मला मराठीत कशी बोलली? आणि बोलली तरी "मेली" हा शब्द तिला कोठून मिळाला? धारवाडच्या बाईच्या तोंडी रत्नागिरीची शिवी! "मेली", "मेल्या" हे आपल्या कोकणातले. आपण लाडाने म्हणतो, रागाने म्हणतो, मांजरालाही म्हणतो. बेळगावच्या आमच्या घरी मी तो शब्द कधी ऐकला नव्हता. ऐकला तो रत्नागिरीस आल्यावर. आमच्या पहिल्या घरमालकीणबाई दिवसातून पन्नास वेळा म्हणत, "अगो मेली, पायरीवर बसू नको."

म्हणजे जे वाक्य मी तीस वर्षे कानात जपले, ते त्या दिवशी न्हाणीघरात कोणी उच्चारलेच नव्हते. ते मागाहून तयार झाले होते, आणि रत्नागिरीत तयार झाले होते. घाट उतरताना माझ्या पोटात कालवले, ते वळणांमुळे नव्हे.

भगिनींनो, मी खोटे बोलत होते का? नाही. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते. मग हे झाले कसे? माझी भाची मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाली आहे. तिला विचारले. तिने मला दोन रविवार बसवून जे समजावले, त्यातले मला उमगले तेवढे सांगते.

आपल्याला वाटते की आठवण म्हणजे पेटीतला फोटो. पेटी उघडली की जसा ठेवला तसा निघतो. तसे नाही. आठवण दर वेळी नव्याने रांधावी लागते. घरात जे असेल ते तिच्यात पडते, आणि मग तीच चव मूळची वाटू लागते.

अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या विदुषी आहेत. त्यांनी व जॉन पामर यांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा लहानसा चित्रपट दाखविला. मग ५० जणांना विचारले, "मोटारी एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?" दुसऱ्या ५० जणांना विचारले, "मोटारींचा एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता?" उरलेल्या ५० जणांना वेगाचे काही विचारलेच नाही. आठवड्याने सर्वांना विचारले, "फुटलेल्या काचा पाहिल्यात का?" चित्रपटात काच मुळीच फुटली नव्हती. पण "धडकल्या" ऐकणाऱ्यांपैकी ७ जण 'पाहिल्या' म्हणाले, न विचारलेल्यांपैकी ६, आणि "चुराडा" ऐकणाऱ्यांपैकी १६. एका शब्दाने काचा फोडल्या!

हे ऐकून मला आपली मराठी आठवली. आपल्याकडे तर शब्दही बदलावा लागत नाही, एखाद्या अक्षराचा फरक पुरतो. पोर पडली आणि पोर पाडली. बरणी फुटली आणि बरणी फोडली. दूध सांडले आणि दूध सांडवले. पहिल्यात कोणाचा दोष नाही, दुसऱ्यात अपराधी उभा राहतो. नारायणराव पेशव्यांच्या वधाची "ध चा मा" केल्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. त्या गोष्टीत अक्षर मुद्दाम बदलले असे सांगतात. माझ्या गोष्टीत कोणीच मुद्दाम काही केले नाही, आणि तरी माणूस तुटले.

दुसरा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झालेला, लॉफ्टस व जॅकलीन पिकरेल यांचा. २४ माणसांना त्यांच्या लहानपणच्या चार हकीगती लिहून दिल्या. तीन घरच्या माणसांकडून मिळविलेल्या, खऱ्या. चौथी बनावट: तू पाचसहा वर्षांचा असताना मोठ्या बाजारात हरवलास, रडत होतास, एका वृद्ध बाईने तुला धीर दिला आणि तू पुन्हा घरच्यांना भेटलास. या माणसांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाला ही न घडलेली गोष्ट सगळी किंवा थोडीबहुत "आठवली". कारण ती घरच्यांनी सांगितली असे त्यांना वाटत होते. घरच्या माणसाच्या शब्दावर आपण संशय घेत नाही. घ्यावाही कसा?

आता दोन भाषांचे काय? भाची म्हणाली, "मावशी, ज्याला दोन भाषा येतात त्याच्या मनात बहुधा ऐकलेल्या वाक्याचा अर्थ राहतो, शब्द गळून जातात. पुढे तो अर्थ दुसऱ्या भाषेत बाहेर येतो." मला ते असे समजले: लोणचे एका बरणीतून दुसऱ्या बरणीत काढले की लोणचे तेच असते, पण पहिल्या बरणीला थोडा मसाला चिकटून राहतो आणि दुसऱ्या बरणीचा वास लागतो. माझी आठवण कानडी बरणीतून मराठी बरणीत आली. काकूचा "ब्याड" मागे राहिला आणि घरमालकीणबाईंची "मेली" येऊन चिकटली.

यात आणखी एक खोच आहे. कानडीतल्या "ब्याड"चे मराठी "नको". पण मराठीत "नको"चे दोन अर्थ. "नको, पुढे येऊ नको" हा एक. आणि "ही पोर आम्हाला नको" हा दुसरा. आई इथल्या शेजारणींना माझ्या हाताची गोष्ट सांगे. वाटणीचा राग तिच्या मनात होताच. "काकू नको नको म्हणाली" असे ती सांगत असेल. ऐकणारी म्हणत असेल, "म्हणजे पोर नकोशीच होती म्हणा!" मी चौकटीला टेकून ऐकत असेन. आई आज नाही, म्हणून विचारता येत नाही, आणि मी तिला दोषही देत नाही. तिने आपले दुःख सांगितले. त्यातून मी काय रांधले ते माझे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात व्हियोरिका मारियन आणि उलरिक नाइसर यांनी रशियातून अमेरिकेत आलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी तपासल्या. २००० साली ते प्रसिद्ध झाले. त्यांच्याशी रशियन भाषेत बोलले की रशियातल्या दिवसांच्या आठवणी अधिक निघत, आणि इंग्रजीत बोलले की अमेरिकेतल्या. सासुरवाशीण माहेरच्या बोलीत बोलू लागली की तिला माहेरचे सारे कसे आठवू लागते, ते आपण पाहतोच. काकूच्या तोंडून "बिसि नीरु" ऐकले तेव्हा मलाही न्हाणीघराच्या उंबऱ्यावरचा ओला दगड आठवला, जो त्यापूर्वी कधी आठवला नव्हता. पण शहाणी झाल्यामुळे मी तोही खराच असे शपथेवर म्हणत नाही.

आणि शिकागो विद्यापीठातल्या मंडळींनी अलीकडे दाखविले आहे की परक्या भाषेत काम करताना माणसे लटक्या आठवणींना थोडी कमी फसतात, कारण परक्या भाषेत माणूस आपल्या आठवणीची अधिक पारख करतो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपण मीठ दोनदा चाखून घालतो, तसे. आपल्या घरी डोळे मिटून चिमूट टाकतो आणि कधीतरी आमटी खारट होते. म्हणजे दोन भाषा येणे हा दोष नव्हे. ती दोन दारांची सोय आहे. कोणत्या दाराने कोण आत आले, तेवढे पाहावे.

रत्नागिरीकरांना हे काही नवे नको वाटायला. आपल्या गावाने याचे मोठे उदाहरण पाहिले आहे. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि १८८६ च्या एप्रिलात येथे आणून ठेवले. त्याच्या थोरल्या मुली अगदी लहान होत्या. मंडालेचा राजवाडा मागे राहिला आणि त्या रत्नागिरीत मराठी-हिंदुस्थानी बोलत वाढल्या. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू १९०६ साली येथेच जन्मली. राजा १९१६ साली येथेच वारला, १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशी परत गेले, पण थोरली राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली येथेच वारली. टुटूबाईंनी तर सारा संसार मराठीत केला. त्या २००० साली गेल्या. माझ्या मनात नेहमी येते, पाचसहा वर्षांच्या त्या राजकन्येला म्हातारपणी मंडाले आठवत असेल तर ते कोणत्या भाषेत?

आमच्या घरचीच एक गोष्ट सांगते. सासूबाईंच्या आई, आम्ही त्यांना मोठ्या आजी म्हणत असू, नेहमी सांगत की त्यांनी लहानपणी थिबा राजाला राजवाड्याच्या सज्जात उभा पाहिला, अंगात रेशमी वस्त्र, हातात दुर्बीण. फार रंगवून सांगत. पण मोठ्या आजींचा जन्म १९१९ चा. राजा त्याआधी तीन वर्षे गेला होता! हिशेब केला तर त्या राजवाड्यात राजा राहिलाच जेमतेम सहा वर्षे, १९१० पासून १९१६ पर्यंत. मग आजींनी पाहिले कोणाला? आजींचे वडील राजवाड्यावर दूध घालीत. तेथले ब्रह्मी नोकर मोडक्या हिंदुस्थानीत राजाच्या गोष्टी सांगत, आणि वडील त्या रात्री घरी आपल्या संगमेश्वरी बोलीत सांगत. थोरली राजकन्या आजींनी नक्कीच पाहिली असेल, ती १९४७ पर्यंत होती. ब्रह्मी, हिंदुस्थानी, संगमेश्वरी अशी तीन घरे फिरून आलेली गोष्ट, आणि तिला आजींनी आपले डोळे दिले. यात कोणाचे नुकसान नाही. अशी आठवण घरात असू द्यावी, नातवंडांना सांगावी, वर्षे मात्र तिच्याशेजारी लिहून ठेवावीत.

पण जी आठवण कोणावर आळ घालते तिची गोष्ट वेगळी. तिची पारख करूनच तिला घरात ठेवावे. मी आता तीन गोष्टी पाळते, त्या सांगते.

पहिली. मुलगा रडत आला की "कोणी मारले?" असे विचारीत नाही. "काय झाले?" असे विचारते. पहिल्या प्रश्नात अपराधी आपणच घालून देतो, मुलाने फक्त नाव भरायचे असते.

दुसरी. "ती मला असे असे म्हणाली" असे मनात आले की स्वतःला विचारते: कोणत्या भाषेत म्हणाली? हे शब्द तिच्या तोंडचे आहेत का? आपल्या मंडळात कोणी मालवणी बोलते, कोणी चित्पावनी, कोणी दालदी, कोणाची सून कानडी, कोणाची गुजराती. निम्मी भांडणे शब्दांची नसतात, भाषांतराची असतात. आठवणीतले वाक्य बोलणारणीच्या बोलीतले नसेल, तर ते आपण नेसवलेले आहे असे समजावे.

तिसरी. सांगणारे माणूस हयात आहे तोवर जाऊन विचारावे. हे मला सर्वांत महाग पडले.

घरी आल्यावर मी काकूला फोन केला. साडीचे सांगितले, की ती मी बोहारणीला दिली. काकांच्या वेळी का आले नाही तेही सांगितले. "मर मेली"चेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मेली म्हणजे काय गं?" तिला तो शब्द अजून ठाऊक नव्हता. मला जो काही पुरावा हवा होता तो मिळाला. मी रडू लागले तेव्हा म्हणाली, "साडी जुनी झालीच असती की. तू ये."

न्हाणीघरात त्या दिवशी नेमके काय झाले ते मला आज सांगता येणार नाही, आणि काकूलाही येईल असे नाही. तिच्याही आठवणीला चाळीस वर्षे झाली. मी धावले असेन, तिचा हात हलला असेल. पण जे वाक्य मी तिच्यावर लादले ते तिचे नव्हते, एवढे मला पक्के माहीत आहे. तेवढ्यावर तीस वर्षे मागे येत नाहीत, पण पुढची राहतात.

काकू येत्या वैशाखात आंब्यासाठी माझ्याकडे यायची आहे. तिला मंडळात घेऊन येईन. तिच्याशी सावकाश बोला, आणि तिने "ब्याड" म्हटले तर रागावू नका. तिला आणखी आमरस नको आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता मी चहाकडे जाते.